जुना कॅम्पर घ्यायचा, नीट करायचा, विकायचा: अमेरिकेतल्या मराठी कुटुंबासाठी पहिला ट्रेलर

जुन्या कॅम्परला, म्हणजे गाडीमागे ओढायच्या छोट्या फिरत्या घराला, खातं ते पाणी. मळलेलं कार्पेट, फाटक्या गाद्या, भडक पडदे, तेलकट ओटा हे सगळं दोन-तीन शनिवार-रविवारांत निघतं आणि त्याला पैसाही फारसा लागत नाही. छताच्या सांध्यातून चार पावसाळे झिरपलेलं पाणी मात्र भिंतीतली लाकडं कुजवतं, आणि बाहेरून सगळं ठीक दिसत राहतं. नव्या माणसाचे पैसे बुडतात ते बहुतेक वेळा इथेच. म्हणून या लेखात सर्वांत जास्त जागा पाहणीला दिली आहे. रंग आणि फरशी नंतर.

कागद आधी, ट्रेलर मागून

पहिला प्रश्न व्हिसाचा. नफ्यासाठी स्वतः राबून वस्तू घेणं-विकणं हे अमेरिकेच्या नियमांत काम धरलं जातं. एच-१बीवर असलेल्याला आपल्या नोकरीबाहेर असं काम करता येत नाही, एफ-१वरच्या विद्यार्थ्यालाही नाही. एच-४वर ईएडी, म्हणजे काम करायचा परवाना, हातात असेल तर चालतं. ग्रीन कार्डधारक आणि नागरिकांना अडचण नाही. उन्हाळ्यात भारतातून आलेले आईबाबा हौसेने मदतीला उभे राहतात, पण ते व्हिजिटर व्हिसावर असतील तर त्यांना धंद्याच्या कामाला लावू नका. घरचंच तर आहे, हे उत्तर तिथे चालत नाही.

दुसरा प्रश्न डीलर लायसन्सचा. बहुतेक राज्यांत लायसन्सशिवाय वर्षाला किती वाहनं विकता येतात याची मर्यादा आहे. टेक्सासमध्ये चार, ओहायोमध्ये बारा महिन्यांत पाच. काही राज्यांत तर विकायच्याच हेतूने घेतलेलं एक वाहनही मोजलं जातं. आपल्या राज्याच्या मोटार वाहन खात्याला ट्रेलरबद्दल लेखी विचारा आणि उत्तर जपून ठेवा. दोन नवऱ्याच्या नावावर, दोन बायकोच्या, एक मुलाच्या अशी वाटणी करून मर्यादा चुकवायच्या भानगडीत पडू नका. पत्ता एक, फोन एक आणि जाहिरातीतलं अंगणही एकच असतं.

तिसरा प्रश्न जागेचा. सोसायटीच्या, म्हणजे एचओएच्या नियमांत ड्राइव्हवेमध्ये ट्रेलर ठेवायला बहुधा बंदी असते, किंवा फार तर दोन-तीन दिवसांची मुभा. स्टोरेजची जागा आधी ठरवा. तिथे वीज आहे का आणि काम करू देतात का, हे विचारायला विसरू नका. नुसतं उभं करायला देणाऱ्या जागेत तुमचा प्रकल्प अडकून पडतो.

कुठला ट्रेलर घ्यावा

या सगळ्या उद्योगाचं माहेर इंडियाना राज्यातलं एल्कहार्ट. उत्तर अमेरिकेतले बहुतेक आरव्ही, म्हणजे कॅम्पर, मोटरहोम वगैरे, त्याच परिसरात तयार होतात, त्यामुळे नाव कुठलंही असलं तरी आतली बांधणी साधारण दोन-तीन प्रकारचीच असते.

पहिल्या खेपेला १६ ते २२ फुटी ट्रॅव्हल ट्रेलर घ्या, तोही लाकडी सांगाड्यावर पन्हाळीदार ॲल्युमिनियमचा पत्रा असलेला. इथले लोक त्याला ‘स्टिक अँड टिन’ म्हणतात. दिसायला तो साधा, पण पत्रा खालून वर एकेक पट्टी करून उतरवता येतो आणि कुजलेली दीड इंची लाकडं घरी बदलता येतात. गुळगुळीत फायबरग्लासच्या भिंतींचे ट्रेलर देखणे असतात, पण त्यांची भिंत फायबरग्लास, पातळ प्लाय आणि फोम एकत्र चिकटवून केलेली असते. पाणी शिरलं की थर सुटतात आणि भिंतीला फुगवटे येतात. उन्हात तिरपं उभं राहून भिंतीवरून नजर फिरवली की लाटा दिसतात. अशी भिंत अंगणात दुरुस्त होत नाही. फुगवटा दिसला की आभार मानून निघा.

सरकून बाहेर येणारी खोली, म्हणजे स्लाइड-आउट, पहिल्या ट्रेलरला नकोच. तिच्या रबरी पट्ट्या, मोटर आणि तळाची फळी ही तीन वेगळी दुखणी आहेत. पिकअपच्या हौद्यात अडकवायचा ट्रेलर, म्हणजे फिफ्थ व्हील, ओढायला मोठा पिकअप लागतो, आणि मोटरहोममध्ये इंजिनाचा खर्च वाढतो. घडीचा पॉप-अप मात्र सुरुवातीला चांगला: हलका, स्वस्त, मुलांना काम करायला सोपा. त्यात कॅनव्हास, उचलायच्या तारा आणि छताच्या कडा एवढं नीट बघा. कॅनव्हास नवा शिवून घ्यायचा तर हजार डॉलरच्या पुढे जातो, म्हणून फाटका कॅनव्हास असेल तर तो पॉप-अप जवळजवळ फुकट मिळत असेल तरच घ्यावा.

स्कॅम्प, कसिटा यांसारखे अंड्याच्या आकाराचे फायबरग्लासचे कॅम्पर फार कमी गळतात आणि किंमत धरून ठेवतात, पण स्वस्तात मिळत नाहीत. दिसला तर सोडू नका. चकचकीत ॲल्युमिनियमच्या एअरस्ट्रीमचा मोह पहिल्या वर्षी आवरा. आतला पत्रा काढल्याशिवाय तळ किती कुजलाय ते कळत नाही.

ओढायचं कशाने, हेही आताच बघून घ्या. आपल्याकडे घरोघरी दिसणाऱ्या होंडा ओडिसी आणि टोयोटा सिएनाची ओढायची मर्यादा मॉडेलप्रमाणे ३,००० ते ३,५०० पौंड आहे. १९ फुटी साधा ट्रेलर सामान-पाणी धरून सहज ४,५०० पौंड भरतो. त्यातला १० ते १५ टक्के भार, म्हणजे साडेचारशे ते पावणेसातशे पौंड, हिचवर, म्हणजे गाडीच्या मागच्या जोडावर, यायला हवा, नाहीतर ट्रेलर हायवेवर डुलायला लागतो. हा भार आणि गाडीतली माणसं मिळून ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवरल्या पिवळ्या स्टिकरवरच्या आकड्यात बसली पाहिजेत. बसत नसतील तर पिकअपवाल्याला पैसे देऊन ट्रेलर आणवून घ्या. त्याच्या गाडीत ट्रेलरचे ब्रेक लावणारा ब्रेक कंट्रोलर आहे ना, एवढं विचारा.

कधी आणि कुठे शोधायचा

उत्तरेकडच्या राज्यांत ऑक्टोबरपासून जानेवारीपर्यंत घ्यायचा. हिवाळ्यात पाइपांतलं पाणी काढायचं, आच्छादन घालायचं, स्टोरेजचं भाडं भरायचं, याला कंटाळलेले मालक तेव्हा भाव सोडतात. विकायचा मार्च ते मे, टॅक्स रिफंड हातात आलेले असतात आणि मेच्या शेवटच्या सोमवारचा मेमोरियल डे जवळ असतो तेव्हा. सप्टेंबरच्या पहिल्या सोमवारचा लेबर डे उलटला की गिऱ्हाईक पातळ होतं.

फेसबुक मार्केटप्लेस, क्रेग्सलिस्ट आणि आरव्ही ट्रेडर या तीन जागा रोज बघा. महिनाभर काही न घेता नुसते भाव वहीत लिहा: वर्ष, लांबी, मागितलेली किंमत, किती दिवसांत जाहिरात उतरली. जेडी पॉवरचा किमतीचा तक्ता आधाराला ठेवा, पण तुमच्या गावात कोणता ट्रेलर आठवड्यात जातो हे तक्ता सांगत नाही, वही सांगते. सरकारी आणि विमा कंपन्यांच्या लिलावांत पहिल्या वर्षी उतरू नका. पुरात बुडालेले ट्रेलर तिथेच येतात. २००५च्या कतरिना वादळानंतर विस्थापितांना दिलेले ट्रेलरही पुढे बाजारात आले. त्यांतल्या अनेकांमध्ये फॉर्मल्डिहाइडचं प्रमाण जास्त आढळलं होतं आणि विकताना त्यांवर राहण्यासाठी वापरू नये असं स्टिकर लावलेलं होतं. खिडकीवर असं स्टिकर किंवा ते खरवडल्याची खूण दिसली तर हात लावू नका.

पाहणी: दोन तास, एक पिशवी

दिवसाउजेडी जा, शक्यतो पाऊस पडून गेल्याच्या दुसऱ्या दिवशी. मालकाला आधीच सांगा की ट्रेलर विजेला जोडून ठेवा, फ्रिज आदल्या रात्रीच सुरू करा आणि सिलिंडरमध्ये गॅस असू द्या. “चालतं सगळं, पण आत्ता दाखवता येणार नाही” असं उत्तर आलं तर ते यंत्र बंद आहे असं धरून भाव करा.

पिशवीत एवढं हवं: टोच्यांचा ओल-मापक, म्हणजे मॉइश्चर मीटर (३०-४० डॉलर), विजेरी, मल्टिमीटर, साबणाच्या पाण्याची फवारणी, बोथट स्क्रूड्रायव्हर, शिडी, जुनं सतरंजीवजा कापड आणि घरच्या पंधरा अँपच्या प्लगला तीस अँपचा ट्रेलर जोडणारा अडॅप्टर.

आत शिरताच पंखा, खिडक्या उघडायच्या आधी वास घ्या. कुबट, ओल्या पुठ्ठ्यासारखा वास आला तर पाणी आहेच. सगळीकडे सुगंधी फवारा मारलेला असेल तर तोही निरोपच समजा.

मग पुढच्या भिंतीचा खालचा कोपरा. गादी उचला, खालच्या पेटीचं झाकण काढा आणि विजेरी भिंतीला चिकटवून धरा, प्रकाश भिंतीला घासत गेला पाहिजे. प्लायच्या कडेला चहाच्या डागासारखी तपकिरी रेघ दिसते का? स्टेपलच्या टाचण्यांभोवती गंजाची कडी आहे का? अंगठ्याने दाबा. कोरडं पॅनल टणक लागतं. मुरलेलं पॅनल ओल्या खारीसारखं आत जातं आणि अंगठा काढला तरी खळगा राहतो. स्क्रूड्रायव्हर सांगाड्याच्या लाकडावर टेकवून हलकेच दाबा. लाकूड आवाज न करता आत घेऊ लागलं तर ते गेलेलं आहे. आता मीटर लावा: १५ टक्क्यांखाली ठीक, १५ ते २० संशयाची जागा, २०च्या वर ओल, ३०च्या आसपास कुज धरून चाला. मीटरच्या टोच्यांची भोकं दिसणार नाहीत अशा ठिकाणी, कपाटाच्या आत, गादीखाली लावा, आणि मालकाला विचारून लावा.

हाच खेळ सगळ्या चार कोपऱ्यांत, प्रत्येक खिडकीच्या खालच्या दोन टोकांना, छतातल्या प्रत्येक झरोक्याभोवती, बाथरूमच्या स्कायलाइटखाली आणि वरच्या कपाटांच्या मागच्या कोनात करायचा. पुढच्या-मागच्या छोट्या नारिंगी आणि लाल दिव्यांच्या मागेही बघा; त्यांच्या भोकांतून झिरपलेलं पाणी भिंतीत सरळ खाली जातं. जमिनीवर टाच मारत चाला, दारात, संडासाभोवती, ओट्यापुढे. जिथे जमीन दबते तिच्या आजूबाजूलाही ती कुजलेली असते.

नवीन वॉलपेपर किंवा ताजा पांढरा रंग एकाच कोपऱ्यात असेल तर तिथे मीटर दोनदा लावा.

मग छत. शिडी लावा, पण ट्रेलरच्या पाठीमागे लावलेल्या शिडीवर भरवसा ठेवू नका, ती कुजलेल्या लाकडात बसवलेली असू शकते. वर चढायचंच असेल तर प्लायची फळी टाकून तिच्यावर गुडघे टेका. रबरी छतावरून अंगठा फिरवला आणि पांढरी पूड आली तर ते बहुधा ईपीडीएम, म्हणजे एक प्रकारचं कृत्रिम रबर, आहे; थोडी पूड येणं वयाप्रमाणे ठीक, पण काळं दिसायला लागलं तर छताचे दिवस भरत आले. झरोक्यांभोवतालचं सील तडकलंय का, कडेच्या पट्ट्या उचलल्या आहेत का, एवढं बघा. जागोजागी चकचकीत पारदर्शक सिलिकोन थापलेलं असेल तर नाखूश व्हा: सिलिकोनवर पुढे काहीच चिकटत नाही, अगदी नवं सिलिकोनसुद्धा, आणि ते सगळं खरवडायला तुमचे दोन दिवस जातात.

यंत्रणा

वीज: बॅटरी एकटी असताना मल्टिमीटर १२.६ व्होल्टच्या आसपास दाखवतो. ट्रेलर विजेला जोडल्यावर तोच आकडा १३च्या वर जायला हवा. गेला नाही तर बॅटरी भरणारा कन्व्हर्टर बहुधा गेला. एअर कंडिशनर तपासताना लांब, बारीक एक्स्टेंशन वायर वापरू नका. व्होल्टेज पडतं आणि कॉम्प्रेसरला धक्का बसतो. इथे एक धोका ठळकपणे सांगायला हवा. तीस अँपचा आरव्ही प्लग १२० व्होल्टचा असतो, पण त्याचा आकार बघून काही इलेक्ट्रिशियन ड्रायरसारखं २४० व्होल्टचं कनेक्शन देतात. तसा प्लग लावला की मायक्रोवेव्ह, कन्व्हर्टर, एसी एका क्षणात जळतात. घरी नवा पॉइंट बसवून घेतला असेल तर ट्रेलर लावण्याआधी मीटरने १२० व्होल्ट मोजूनच घ्या.

फ्रिज: गॅसवर आणि विजेवर चालणारा हा फ्रिज थंड व्हायला सहा-आठ तास घेतो, म्हणूनच आदल्या रात्री सुरू करायला सांगितलं. आतलं तापमान ४० अंश फॅरनहाइटच्या खाली हवं. मागची जाळी काढून नाक लावा: अमोनियाचा वास किंवा पिवळी पूड दिसली तर कूलिंग युनिट संपलं. नव्या फ्रिजला हजार डॉलरच्या पुढे मोजावे लागतात, ते तिथल्या तिथे भावातून वजा करा.

गॅस: प्रत्येक जोडावर साबणाचं पाणी मारा, बुडबुडे बघा. शेगडीचे सगळे बर्नर, भट्टी (खोली गरम करणारा हीटर) आणि गिझर पेटवून दाखवायला सांगा. भट्टीचा पंखा आधी फिरतो आणि थोड्या वेळाने ज्वाला लागते. पंखा फिरून बंद पडला तर बऱ्याचदा बाहेरच्या नळीत गांधीलमाशीने घर केलेलं असतं. गॅसच्या आणि कार्बन मोनॉक्साइडच्या डिटेक्टरच्या पाठीवर तारीख छापलेली असते, पाच-सात वर्षं उलटली असतील तर दोन्ही नवे बसवायचेच, यात काटकसर नाही.

पाणी: हिवाळ्यात पाणी न काढलेल्या ट्रेलरमध्ये पंपाचं तोंड, नळ, संडासाचा व्हॉल्व्ह आणि पाइपांचे कोपरे फुटतात. पंप सुरू करून सगळे नळ बंद करा. पंप थांबला पाहिजे. दर दोन मिनिटांनी तो पुन्हा गुरगुरला तर कुठेतरी गळतंय. १९८०-९०च्या काळातले राखाडी पॉलिब्युटिलिन पाइप दिसले तर सगळी नळजोडणी पेक्सच्या प्लॅस्टिक पाइपांनी बदलायचा हिशेब धरा.

गिझरच्या टाकीत पाणी भरलं आहे याची खात्री झाल्याशिवाय विजेचं बटण लावू नका. कोरड्या टाकीत कॉइल लगेच जळते. सबर्बन कंपनीच्या गिझरमध्ये ॲनोड दांडा (टाकीऐवजी स्वतः गंजणारा) असतो, १-१/१६ इंची सॉकेटने निघतो. टाकी गार करून, दाब सोडून मगच काढा. दांडा खाऊन तार उरली असेल तर पंधरा-वीस डॉलरचा नवा बसतो. ॲटवूडच्या ॲल्युमिनियमच्या टाकीला ॲनोड नसतो, तिथे शोधत बसू नका.

चाकं: टायरवर डीओटीच्या ओळीतले शेवटचे चार आकडे वाचा. २३१९ म्हणजे २०१९ सालचा २३वा आठवडा. ट्रेलरचे टायर नक्षी झिजून नाही, वयाने फुटतात, सहा वर्षांपेक्षा जुना असेल तर नवा दिसला तरी बदलायचा. चाक उचलायचं तर जॅक चौकटीला लावा, ॲक्सलला नाही, ॲक्सल वाकतो. उचललेलं चाक वरून-खालून धरून हलवा. खटखटलं तर बेअरिंग सैल. ट्रेलर सुटला तर ब्रेक लावणाऱ्या ब्रेकअवे स्विचची पिन क्षणभर ओढून चाकं धरतात का बघा आणि लगेच परत घाला, नाहीतर बॅटरी उतरते.

भाव, इसार आणि टायटल

घासाघीस करताना वहीतली यादी समोर ठेवा: टायर ४४०, फ्रिज बंद म्हणून १,२००, बॅटरी १२०. आकडे दाखवून बोललं की मालक रागावत नाही. इसार द्यायचा तर शंभर-दोनशे, आणि तोही टायटल, म्हणजे मालकीचा सरकारी कागद, डोळ्यांनी पाहिल्यावर.

टायटलवरचं नाव समोर उभ्या असलेल्या माणसाचंच हवं, ओळखपत्राशी ताडून बघा. टायटलवरचा व्हीआयएन (वाहनाचा ओळख क्रमांक), डाव्या बाजूला पुढे लावलेल्या स्टिकरवरचा आणि चौकटीच्या पोलादावर ठोकलेला असेल तर तो, सगळे एक हवेत. १९८१नंतरच्या वाहनांचा व्हीआयएन १७ अक्षरी असतो. ट्रेलर चोरीचा नाही ना, हे विमा कंपन्यांच्या एनआयसीबी या संस्थेच्या व्हीआयएनचेक सेवेत फुकट तपासता येतं. बँकेचा बोजा लिहिलेला असेल तर कर्ज फिटल्याचं पत्र आधी. “टायटल हरवलंय, बिल ऑफ सेलवर (नुसत्या विक्रीच्या पावतीवर) देतो” म्हणणाऱ्याला दुसरं टायटल काढून आणायला सांगा आणि तेव्हा पैसे द्या.

घेतल्यावर टायटल आपल्या नावावर करून घ्या आणि विक्रीकर भरा. मधलं नाव गाळून जुन्या मालकाची सही थेट पुढच्या गिऱ्हाइकाला देणं, ज्याला टायटल जंपिंग म्हणतात, तो गुन्हा आहे.

घरी आल्यावर कामाचा क्रम

आधी छत, मग सांधे, मग गॅस-वीज-चाकं, मग जमीन, शेवटी रंग आणि गाद्या. घरातल्या सगळ्यांना रंगाची घाई असते, पण वरून गळतंय तोवर खाली रंगवलेलं सगळं फुकट जातं. हा क्रम मोडू नका.

छताचं काम असं: जुनं सील प्लॅस्टिकच्या खरवडणीने उचला, धातूच्या पात्याने रबर कापलं जातं. साबणाच्या पाण्याने धुवा. ईपीडीएमवर पेट्रोल किंवा रॉकेलजन्य काही लावू नका, रबर फुगतं. कोरडं झालं की झरोक्याच्या पट्टीची कड, प्रत्येक स्क्रूचं डोकं आणि सांध्याची रेघ डायकोरसारख्या सपाट पसरणाऱ्या लॅप सीलंटने झाका. एका झरोक्याला साधारण एक नळी, २० फुटी ट्रेलरला आठ ते दहा नळ्या. हे सीलंट स्वतः पसरतं म्हणून उभ्या कडेवर ते ओघळतं, तिथे न ओघळणारा प्रकार वेगळा मिळतो. थंडीत, ५० अंश फॅरनहाइटच्या खाली, हे काम टाळा.

कोपऱ्यांच्या पट्ट्यांसाठी: मधली व्हिनाइलची फीत ओढून काढा, स्क्रू काढा, पट्टी सोडवा. मागची वाळलेली पुट्टी पूर्ण खरवडा. लाकूड मऊ असेल तर निरोगी लाकूड लागेपर्यंत कापून मागे जा आणि नवं दीड इंची लाकूड बाजूला जोडून घ्या. पट्टीच्या मागे एक इंच रुंद ब्युटिल टेप (पाणी अडवणारी चिकट रबरी फीत), नवे स्टेनलेस स्क्रू, मग पट्टी घट्ट बसवा. ब्युटिल बाहेर येतं ते लगेच कापू नका. दोन-चार दिवस उन्हात बसू द्या, स्क्रू पुन्हा आवळा, मग कापा. नवी फीत घाला. सगळं झालं की होस पाइपने खालून वर, एकेक भाग पंधरा मिनिटं भिजवा आणि घरातल्या एकाने आत विजेरी घेऊन बसा. मुलांना हे काम फार आवडतं आणि त्यांची नजर तीक्ष्ण असते.

मुलांना छतावर, गॅसजवळ आणि बुरशी काढताना मात्र ठेवू नका. बुरशीला मास्क आणि उघडी दारं. चौदा-पंधरा वर्षांच्या मुलांना हिशेबाची वही, फोटो, पडद्यांची मापं, स्क्रू-बिजागऱ्या ही कामं द्या. शिवणयंत्र येणारं कुणी घरात असेल तर गाद्यांच्या खोळींचे दोन-अडीचशे डॉलर वाचतात. क्वीन पलंग मापून घ्या. ट्रेलरमध्ये तो बहुधा ६० बाय ७५ इंची असतो, घरची चादर-गादी पाच इंच लांब पडते.

भिंतींना मुळातच गुळगुळीत व्हिनाइलचा मुलामा असतो, त्यावर थेट रंग मारला तर नखाने निघतो. आधी तेलकटपणा काढणारा धुणारा साबण, मग २२० नंबरची सँडपेपर हलकी फिरवणं, मग चिकटून बसणारा बाँडिंग प्रायमर आणि वर दोन हात. एका हातानंतर दुसऱ्या हातापर्यंत डब्यावर लिहिलेला वेळ पाळा. जमिनीला न चिकटवता बसणाऱ्या व्हिनाइल फळ्या घ्या, चारी बाजूंना पाव इंच जागा सोडा, ट्रेलर थंडी-उन्हात आकसतो-फुगतो. जड टाइल, दगडी ओटा, लाकडी दारं घालू नका. सौंदर्य वाढतं तसं वजनही वाढतं, आणि घेणाऱ्याला ते ओढायचंय.

हिशेब

समजा २१ फुटी, दोन ॲक्सलचा ट्रेलर ४,५०० डॉलरला घेतला. टेक्साससारख्या ६.२५ टक्क्यांच्या दराने विक्रीकर २८१, टायटलची फी ३५. चार टायर ४४०, बेअरिंगचं ग्रीस आणि सील ६०, छताचं सीलंट आणि टेप १६०, बॅटरी १२०, फरशी ३००, रंग-प्रायमर १५०, फोम आणि कापड २५०, दोन डिटेक्टर ९०, पाण्याचा पंप ९०, पेट्रोल १२०, तीन महिन्यांचं स्टोरेज २२५. एकूण ६,८२१. विकला ८,५००ला, तर उरले १,६७९. सगळ्यांचे मिळून नव्वद तास गेले असतील, तर तासाला साधारण साडेअठरा डॉलर. त्यातून आयकर आणि स्वयंरोजगाराचा १५.३ टक्के कर जायचा आहे. दुरुस्ती हजाराने वाढली की उरतात सातशेच्या आतबाहेर. म्हणूनच पाहणीत दोन तास घालवायचे.

पावत्या आणि ओढलेल्या मैलांची नोंद पहिल्या दिवसापासून ठेवा. हा नफा भांडवली नाही, धंद्याचा आहे. तो आयकराच्या शेड्यूल सी या फॉर्मवर दाखवायचा. पालकांच्या एकल मालकीच्या धंद्यात १८ वर्षांखालच्या स्वतःच्या मुलांना दिलेल्या पगारावर सोशल सिक्युरिटी आणि मेडिकेअर लागत नाही, पण पगार खऱ्या कामाचा आणि रीतसर नोंदवलेला हवा.

एक मर्यादा लक्षात असू द्या. जुन्या ट्रेलरला बँका सहसा कर्ज देत नाहीत, आणि काही खासगी कॅम्पग्राउंड दहा वर्षांपेक्षा जुना ट्रेलर आत घेत नाहीत. त्यामुळे १२-१५ वर्षं जुन्याचं गिऱ्हाईक रोख पैसेवालं असतं. दहा हजारांच्या आत विका; त्यावर गेलं की लोक हप्त्यांवर नव्याकडे वळतात.

विकताना

फोटो ढगाळ सकाळी, पंचवीस-तीस. पहिला फोटो पूर्ण बाजूचा, मग प्रत्येक कोपरा, छत, टायरवरचे आकडे, व्हीआयएनचं स्टिकर. दुरुस्ती चालू असतानाचे फोटोही टाका: उघडलेला कोपरा, नवीन लाकूड, नवा ब्युटिल. लपवलेलं लोक शोधून काढतात. दाखवलेल्या दुरुस्तीला भाव मिळतो. जे बंद आहे ते जाहिरातीतच लिहा. तुमच्याकडून घेतलेल्या ट्रेलरमध्ये कुणाची तरी दोन वर्षांची मुलं झोपणार आहेत. गॅसचा जोड किंवा डिटेक्टर याबाबत शंका असेल तर विकायचा थांबवा.

गिऱ्हाईक आलं की सगळं चालवून दाखवा: वीज, गॅस, पाणी, ब्रेकचे दिवे. त्यांच्या गाडीची ओढायची मर्यादा विचारा. बसत नसेल तर तोंडावर सांगा. पैसे रोख असतील तर त्यांच्या बँकेत बसून मोजा. कॅशिअर्स चेक (बँकेने स्वतः काढलेला) बँकेच्या खिडकीवर तुमच्यासमोर निघाला तरच घ्या. घरी घेऊन आलेला चेक खोटा निघतो आणि ते आठ-दहा दिवसांनी कळतं. न बघता घेणारा, “माझा माणूस ट्रेलर न्यायला येईल, चेक जास्तीचा पाठवतो, उरलेले त्याला द्या” म्हणणारा, हा ठरलेला फसवणुकीचा डाव आहे. बोलणं तिथेच थांबवा.

बिल ऑफ सेलच्या दोन प्रती काढा: तारीख, वेळ, किंमत, व्हीआयएन, ‘आहे त्या स्थितीत’ हे शब्द, दोघांच्या सह्या. टायटलवर सही खाडाखोड न करता, खोडलेलं टायटल खातं परत पाठवतं. राज्याच्या नियमाप्रमाणे नंबरप्लेट काढून ठेवा. सही केलेल्या टायटलचा दोन्ही बाजूंनी फोटो घ्या आणि विक्री झाल्याची सूचना त्याच संध्याकाळी मोटार वाहन खात्याच्या संकेतस्थळावर भरा. नव्या मालकाने महिनाभर टायटल बदललं नाही, तर त्या काळातले टोलचे आणि पार्किंगचे दंड ज्याच्या नावावर गाडी आहे त्याच्याच पत्त्यावर येतात.